भरदुपारचं बंद शटर

"माझं दुकान धडधाकट चालू आहे, आणि गूगल सांगतंय ते कायमचं बंद झालं," शिल्पा म्हणाली. पाण्याचा तांब्या तिनं हातात घेतला होता, पण प्यायचं सुचत नव्हतं.

प्रमोदिनीबाईंनी वाटाणे सोलायचं थांबवलं नाही. नांदेडच्या त्यांच्या घरावर 'प्रमोदिनी चौकशी केंद्र' अशी पाटी होती. लग्न ठरण्याआधी स्थळाची गुपचूप चौकशी करून देणं हे त्यांचं काम. त्याआधी सारी नोकरी त्यांनी टेलिफोन खात्यात ट्रंक कॉल जोडण्यात काढली होती. बोर्डावर कोणत्या गावाचा दिवा कधी पेटतो आणि कधी पेटत नाही, हे त्यांच्या बोटांना अजून पाठ होतं.

शेजारी त्यांचे धाकटे दीर रेणुकादास बसले होते. चित्रकलेचे निवृत्त शिक्षक. चौकशीला जाताना गाडी ते चालवत आणि निष्कर्ष सगळ्यांच्या आधी काढत. निष्कर्ष बहुधा चुकत.

"दुकान कसलं?" बाईंनी विचारलं.

"रुखवताचं. लातूरला, गोलाईत."

बाईंचा चेहरा उजळला. त्यांच्या लग्नात आईनं आणि मावश्यांनी मिळून शेवयांचं तुळशी वृंदावन केलं होतं आणि ते बसमधून नेताना चार जणी उभ्यानं आल्या होत्या. तेव्हा रुखवत घरोघरी व्हायचं. आता मुलीची आई नोकरीला जाते आणि सप्तपदीच्या सुपाऱ्या सजवायला शिल्पासारखी कुणी शोधावी लागते. शोधायचं कुठं, हेही बदललं. पूर्वी बांगड्या भरायला येणारी कासारीण सगळ्या गावाची खबर ठेवायची. आता लोक फोनला विचारतात.

"बाहेरगावचं गिऱ्हाईक सगळं गूगलवरूनच येतं, मावशी," शिल्पा म्हणाली. "नकाशावर दुकानाचं नाव, फोन, फोटो, सगळं पुतण्यानं घालून दिलं होतं. आता तिथं लाल अक्षरांत 'कायमचे बंद' दिसतंय. लग्नसराई तोंडावर आणि फोन मुका. माझ्यासोबत तीन बायका काम करून राहिल्या. हा मोसम कोरडा गेला तर दुकान आवरायचं, असं घरी ठरलंय."

"असं कुणीही लिहू शकतं?"

"कुणीही कळवू शकतं म्हणे. सोबत फोटो जोडला की गूगलला पटतं. हा बघा तो फोटो, नकाशावर दुकानाच्या नावाखालीच लागलाय."

फोटोत 'शिल्पा रुखवत' अशी पाटी होती, खाली ओढलेलं शटर होतं आणि शेजारी एक चहाचं हॉटेल. तेही बंद. बाकडी उलटी करून एकावर एक रचलेली.

रेणुकादासांनी चष्मा कपाळावर घेतला. "सावल्या बघा, वहिनी. आखूड पडल्यात. भरदुपार आहे ही."

"छान पाहिलंत, भाऊजी. शिल्पा, दिवसाढवळ्या दुकान बंद कधी होतं?"

"सासूबाईंच्या मोतीबिंदूच्या वेळी चार दिवस. त्याशिवाय एक दिवस न्हाई. मोसमात कोण बंद ठेवतं?"

"आणि बंद दाखवतंय हे तुला कळलं कुणाकडून?"

"श्रीनाथकडून. इथंच नांदेडला असतो, दुकानं गूगलवर वर आणायचं काम करतो. एसईओ म्हणतात त्याला. देवासारखा फोन आला त्याचा. मग मी आणखी दोघांना विचारलं, इथला वीरेश आणि लातूरचा भागवत. तिघंही वर्षाचा करार मागतात. रविवारी एकाला हो म्हणायचंय." तिनं तांब्या खाली ठेवला. "कुणी केलं म्हणाल तर मला पार्वतम्मा वाटते. तिचंही रुखवताचंच काम आहे, दोन गल्ल्या सोडून."

"म्हणजे तुझे प्रश्न दोन. दुकान कुणी मारलं, आणि विश्वास कुणावर ठेवायचा."

"हाव, मावशी."

"चला भाऊजी," बाई उठल्या. "आज तीन स्थळं बघायची आहेत."

*

वीरेशच्या कार्यालयात काचा फार होत्या आणि गारवा त्याहून फार. प्रमोदिनीबाईंनी आपण शिल्पाच्या मावशी आहोत एवढंच सांगितलं.

"एका महिन्यात पहिला नंबर," वीरेश म्हणाला. "लिहून देतो, आँटी. आमच्याकडे बघा, चाळीस लोकांनी पाच-पाच तारे दिलेत."

"चाळिसांतले लातूरचे किती?"

"सगळीकडचे आहेत." त्यानं घाईनं एक पडदा दाखवला. "हे बघा, एका रुखवतवाल्यांना पहिल्या नंबरवर आणलं."

बाईंनी वाचलं. शोधलेले शब्द होते, 'प्रीमियम वेडिंग ट्रूसो डेकोर सर्व्हिसेस'.

"हे असं शोधतं कोण, बाळा?"

"शोधलं, तर पहिला नंबर येतो ना."

"माझ्या नावानं गाव वसवलं तर पाटीलकी मलाच मिळेल," बाई म्हणाल्या. वीरेश मोकळेपणानं हसला. माणूस खोटा नव्हता, फुगवलेला होता.

बाहेर येताच रेणुकादासांनी निष्कर्ष काढला. "हाच तो."

"ह्याला लातूरला जायचा कंटाळा आहे, भाऊजी. गारव्यातून उठत नाही तो."

श्रीनाथच्या दोन खोल्या साध्या होत्या. त्यानं स्वतः खुर्च्या पुसल्या आणि वाकून नमस्कार केला.

"मी मूळचा नाशिककडचा. दोन वर्षं झाली इथं येऊन. शिल्पाताईंचं वाईट वाटतं हो. बहिणीच्या रुखवतासाठी मी स्वतः त्यांच्या दुकानी गेलो होतो. बंद. म्हटलं शेजारी चहा तरी घ्यावा, तर तोही बंद. तसाच परत आलो. तेव्हाच ठरवलं, या ताईंना मदत करायची."

"कधी गेला होतास?"

"झाले काही दिवस. तारीख कुठं लक्षात राहते?"

भिंतीवर एक मोठा फलक होता. डाव्या बाजूला 'आधी', उजव्या बाजूला 'नंतर'. आधीच्या फोटोंत लातूरची दुकानं शटर ओढून उभी होती. भांड्यांचं, साड्यांचं, बांगड्यांचं. नंतरच्या फोटोंत तीच दुकानं गजबजलेली.

"ही सगळी गूगलवर बंद दाखवत होती," श्रीनाथ म्हणाला. "वर्षाचा करार केला की पहिल्याच आठवड्यात चालू करून देतो. पुढचं सगळं माझ्या खात्यातून. ताईंना कशाची फिकीर नको."

रेणुकादास फलकाजवळ गेले. "डावीकडच्या चित्रांत एक सूर आहे. सगळीकडे भरदुपारचं ऊन, सावल्या आखूड. उजवीकडे मात्र कुठं सकाळ, कुठं संध्याकाळ."

"काका कलाकार दिसतात," श्रीनाथ कौतुकानं म्हणाला.

"दृष्टी आहे त्यांना," प्रमोदिनीबाई म्हणाल्या.

*

लातूरच्या वाटेवर लोहा लागतं. तिथं किशनरावांचं मोटारपंपांचं दुकान होतं. ते आधी भागवतकडे होते आणि त्याला सोडून गेले, एवढं बाईंनी फोनवरून काढून ठेवलं होतं.

"सोडून गेलेल्याकडे कशाला?" रेणुकादासांनी विचारलं. "त्याच्या खुशीतल्या गिऱ्हाइकांना विचारू."

"स्थळाकडचे लोक आपल्याला मामाकडे पाठवतात, भाऊजी. मामा चांगलंच सांगतो. मी मोडलेल्या सोयरिकीच्या घरी जाते."

किशनराव भागवतचं नाव ऐकून उसळले. "भांडखोर माणूस. मी म्हणलं, माझ्या पंपाला शंभर खोटी कौतुकं लिही. तर म्हणे, न्हाई लिहीत. म्हणलं, पहिला नंबर कधी? तर म्हणे, नंबर माझ्या बापाचा हाय का? मग सोडला त्याला."

"जाताना त्रास दिला?"

"न्हाई. तेवढं खरं बोलावं लागतंय. वेबसाइट, नकाशा, सगळ्याच्या किल्ल्या आमच्याच नावावर होत्या. कागदावर लिहून, घरी आणून, समजावून गेला. दुसरीकडं गेलो तर तिथल्यानं सगळं स्वतःच्या नावावर करून घेतलं. आता त्याला सोडताही येईना."

"आणि गिऱ्हाईक?"

"भागवतच्या वेळेला जास्त होतं," किशनराव पुटपुटले. "त्याला सांगू नका."

*

गोलाईत पोचल्यावर बाई आधी शिल्पाच्या शेजारच्या हॉटेलात शिरल्या. केरबानं दोन चहा पुढे ठेवले. लातूरच्या या बाजाराचे वर्तुळाकार रस्ते बाईंनी तरुणपणी चपला झिजवून पाहिले होते. आता मोटारी वाढल्या होत्या, पण उकळत्या दुधाचा वास तोच होता.

"हा फोटो बघा, केरबा. तुमचं हॉटेल बंद दिसतंय."

केरबानं फोन जवळ घेतला आणि लांब धरला. "हे खोटंय बाई. माझी शेगडी कधीच विझत न्हाई. पोरीच्या लग्नाच्या दिवशीबी मेव्हण्याला बसवलं होतं इथं."

"आजारपण, सुतक?"

"भाऊ बसतो. इथं चहा मिळाला न्हाई असं कोण म्हणलं तर त्याला माझ्याकडं आणा."

"आणि शिल्पाच्या सासूबाईंच्या डोळ्याच्या वेळी?"

"ती चार दिवस तिची आलेली माणसं मीच सांभाळली की. चहा पाजून परत लावली."

रेणुकादास टेबलावर पुढे झुकले. "वहिनी, उलगडलं. फोटो बनावट आहे. हल्ली संगणकावर काय वाट्टेल ते करतात."

"बाकड्यांच्या सावल्या बरोबर पडल्यात?"

"अगदी बरोबर."

"मग फोटो खरा आहे, आणि केरबाही खरं बोलतायत," बाई चहा संपवत म्हणाल्या. त्यांना आता हसू दाबता येत नव्हतं.

पार्वतम्मा आपल्या दुकानात साखरेच्या पाकात बोटं घालून बसल्या होत्या. निलंग्याकडच्या, आवाज मोठा, कपाळावर भस्म. शिल्पाचं नाव निघताच त्यांनी डोळे वटारले.

"माझ्यावर घेते का ती? येड्या पोरीला सांगा अक्का, रोज दोन माणसं मला विचारून राहिले, शिल्पाचं बंद झालं का. मी सांगते, न्हाई रे बाबा, चालू हाय, जा तिकडं. एवढी लग्नं, मी एकटी कुठं पुरी पडणार? आणि जळायचं असतं तर येळवसाला तिच्या सासूला शेतात बोलावलं असतं का? अख्खी गोलाई गावात न्हवती त्या दिवशी, आन् म्हातारी माझ्या कडब्याच्या कोपीत बसून दोनदा भज्जी मागून घेत होती."

"भज्जी कशी झाली होती?" बाईंनी विचारलं.

"अक्का, शेंगा-पालेभाज्या घोटून केलेली, वर्षभर वाट बघावं अशी." पार्वतम्मांनी त्यांच्या हातावर साखरेचा एक पोपट ठेवला. "आंबील तर हंडाभर केली, घोटभर उरली न्हाई."

शेवटी भागवत. एका जिन्याखालच्या खोलीत तो संगणकापुढे बसला होता. मूळचा जळकोटचा, दाढी वाढलेली. वर न बघताच म्हणाला, "पहिला नंबर पाहिजे असंल तर दुसरीकडं जा."

"मला शिल्पाबद्दल विचारायचंय."

"त्यांना मी पहिल्याच दिवशी सांगितलं. 'कायमचे बंद' काढायला पैसे लागत न्हाईत. 'चालू आहे' असं स्वतः कळवा, नाव स्वतःच्या खात्यावर घ्या, दुकान उघडं असतानाचे फोटो टाका. त्यांना वाटलं मी काम टाळून राहिलो."

"मग तुमचं काम काय?"

"त्यानंतरचं. गिऱ्हाईक कोणत्या शब्दांनी शोधतं, फोनवर पहिलं काय विचारतं, कोणत्या गावातनं येतं. सहा महिने लागतील. जास्तबी लागतील." त्यानं कपाळ खाजवलं. "मी त्यांना विचारलं, दुकान बंद कोणत्या दिवशी असतं, तेही गूगलवर लिहावं लागतं. म्हणल्या, कधीच नसतं. मीबी तो रकाना सोडून पुढं गेलो."

"हो," बाई म्हणाल्या, "इथं सगळेच पुढे जातात."

*

रविवारी दुपारी शिल्पाच्या दुकानात उभं राहायला जागा नव्हती. मधल्या पाटावर एक अर्धं झालेलं वृंदावन होतं. तीन बायका मणी ओवत होत्या. शिल्पाच्या सासूबाई, पार्वतम्मा, केरबा, भागवत आणि हातात कराराचे कागद घेऊन आलेला श्रीनाथ. वीरेशला बोलावलं होतं. त्यानं गारव्यातूनच शुभेच्छा कळवल्या होत्या.

"निवड सांगण्याआधी सगळ्यांना एक प्रश्न," प्रमोदिनीबाई म्हणाल्या. "येळवसाला तुम्ही कुठं होता?"

दुकानात एकदम गलका झाला.

"निलंग्याला, आमच्या शेतात," पार्वतम्मा.

"मी तिच्याकडंच. भज्जीत जरा मीठ कमी होतं," सासूबाई.

"मीठ कमी होतं तर दोनदा कामून घेतली?"

"जळकोटला," भागवत म्हणाला. "आई सोडतच न्हाई."

"आमी सगळे भावाच्या रानात," केरबा म्हणाला. मणी ओवणाऱ्या तिघींनी तीन शेतांची नावं घेतली.

सगळ्यांच्या मागून श्रीनाथनं हळूच विचारलं, "येळवस म्हणजे?"

प्रमोदिनीबाई त्याच्याकडे वळल्या.

"वेळ अमावस्या, बाळा. मार्गशीर्षातली. त्या दिवशी सगळं लातूर शेतात जेवायला जातं. मी ट्रंक बोर्डावर होते तेव्हा वर्षभर लातूरचे दिवे लुकलुकायचे आणि त्या एका दुपारी सगळे विझलेले. पहिल्या वर्षी मला वाटलं तार तुटली. साहेब म्हणाले, बाई, तार नीट आहे, गाव जागेवर नाही."

शिल्पानं कपाळावर हात मारला. "मावशी, पण मी म्हणलं ना, दुकान बंद नव्हतं..."

"तू खरंच बोललीस. केरबाही खरं बोलले. येळवसाला दुकान बंद ठेवलं असं लातूरचा माणूस म्हणतच नाही. तो शेतात गेलेला असतो, इतकंच. म्हणून तो दिवस तुमच्या कुणाच्या मोजणीत आला नाही. केरबा, येळवसाला शेगडी?"

"येळवस कुठं त्यात धरता, बाई?" केरबा ओशाळून म्हणाला.

"बघा. मोतीबिंदूच्या चार दिवसांत शिल्पाचं शटर बंद होतं, पण केरबांचं हॉटेल चालू होतं. फोटोत दोन्ही बंद आहेत, आणि तेही भरदुपारी. असा दिवस वर्षात एकच. त्या दुपारी गोलाईत उभं राहून फोटो काढणारा लातूरचा असूच शकत नाही. पार्वतम्मा नाही, भागवत नाही."

"मी फक्त बहिणीसाठी गेलो होतो," श्रीनाथ म्हणाला. "बंद दिसलं. कुणीतरी कळवलं असेल."

"शेजारी चहा मिळाला नाही, असं तूच सांगितलंस. केरबा म्हणतात, असं म्हणणाऱ्याला माझ्याकडे आणा. आणलाय." केरबानं मान हलवली. "तरी मी म्हटलं असतं, पोरगा चुकला, खरंच बंद पडलं असं वाटलं असेल. पण मग तुझ्या भिंतीचं काय करू?"

"भिंतीचं?"

"आधी आणि नंतर. नंतरचा फोटो गिऱ्हाईक झाल्यावर काढता येतो. आधीचा फोटो, गिऱ्हाईक होण्याआधी, तुझ्याकडे कसा आला? भांडी, साड्या, बांगड्या. वेगवेगळी दुकानं, वेगवेगळ्या वेळी तुझ्याकडे आलेली, आणि आधीच्या सगळ्या फोटोंत एकच दुपार. ते माझ्या लक्षात आलं नसतं. भाऊजींनी सावल्या पाहिल्या."

रेणुकादास ताठ बसले. आपण नेमकं काय शोधलं ते त्यांना आत्ता कळत होतं.

"आलास, तेव्हा अख्खा बाजार बंद दिसला. फोटो काढले, एकेक दुकान बंद झालं म्हणून कळवलं आणि मग एकेकाला फोन करून वाचवायला निघालास. शिल्पाला बातमी सगळ्यांत आधी तुझ्याकडून कळली. स्थळ आपणहून दारात आलं की मी दुप्पट चौकशी करते."

श्रीनाथनं कराराचे कागद घडी करून खिशात घातले. त्याचे कान लाल झाले होते. "काम मिळत नव्हतं," तो म्हणाला. "सहा महिने कुणी थांबत नाही हो."

"म्हणून दुसऱ्याचं बंद करायचं?" पार्वतम्मा कडाडल्या. "आन् नाव माझं आलं."

शिल्पा खाली बघू लागली. पार्वतम्मांनी तिच्या पाठीत हलकेच धपाटा घातला. दोघींचा हिशेब तेवढ्यावर मिटला.

"केरबा, याला बाकड्यावर बसवा," प्रमोदिनीबाई म्हणाल्या. "जेवढी दुकानं बंद केली तेवढी फुकट चालू करून देईल आणि किल्ल्या मालकांच्या हातात देईल. करारही फाडेल. मग बाजारातली माणसं याचं काय करायचं ते ठरवतील."

"चहा देऊ का त्याला?" केरबानं विचारलं.

"द्या. म्हणजे पुन्हा चहा मिळाला नाही म्हणणार नाही."

हशा पिकला. श्रीनाथलाही क्षणभर हसू फुटलं, मग त्यानं मान खाली घातली आणि केरबामागून निघाला.

शिल्पा भागवतकडे वळली. "दादा, मी तुम्हाला कामचुकार समजले."

"समजा," भागवत म्हणाला. त्यानं आधी तिच्याच फोनवर, तिच्याच नावानं खातं उघडायला लावलं. पासवर्ड ती टाकताना तोंड भिंतीकडे केलं. मग एकेक रकाना भरत तो एका जागी थांबला.

"आता खरं सांगा. दुकान बंद कोणत्या दिवशी?"

"येळवसाला," अख्खं दुकान एका आवाजात म्हणालं.

दोनेक दिवसांनी लाल अक्षरं गेली. प्रमोदिनीबाई तेव्हा नांदेडला ओसरीवर वाटाणेच सोलत होत्या. शिल्पानं आनंद सांगायला फोन लावला आणि बोलता बोलता तिचा दुसरा फोन वाजला. तिनं दोन्ही कानांना दोन फोन धरले, त्यामुळे बाईंना सगळं ऐकू आलं.

"अहो, तुमचं दुकान बंद झालं म्हणत होते," कुणी बाई अहमदपूरहून विचारत होती. "चालू हाय का?"

"चालू हाय की, काकू," शिल्पा म्हणाली. "वर्षात एकच दिवस बंद असतं. आन् त्या दिवशी आलात, तर सरळ शेतात या जेवायला."